नसलेला चष्मा

"बाई, तुम्हाला चष्मा नाही, मग सारखं काय सावरता?" टकळीने भर वर्गात विचारलं.

मैत्रिणींनी पैज लावली होती आणि टकळी पैजेला नाही म्हणणाऱ्यातली नव्हती. परवापरवापर्यंत वर्गात तोंड न उघडणारी ही मुलगी दोन महिन्यांत नकलांच्या जोरावर भलतीच भाव खाऊ लागली होती; टकळी हे नावही तेव्हाचंच. त्यातली हुकमी नक्कल विज्ञानाच्या बाईंची. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन बाईंचा चष्मा गेला, पण प्रत्येक वाक्याआधी बोट नाकावर जाऊन नसलेला चष्मा वर ढकलायचंच! टकळी ते असं हुबेहूब करायची की मधल्या सुट्टीत पोरींचे घास हातातच राहायचे.

बाई रागावल्या नाहीत. "अगं, वीस वर्षांची सवय," एवढंच म्हणाल्या आणि हात पाठीमागे बांधून शिकवू लागल्या. पण गाडी पुढे सरकेना. हृदयाचे चार कप्पे सांगताना तीनदा अडखळल्या. हसायला टपलेला वर्ग वह्यांत डोकं खुपसून बसला. टकळीने जिंकलेलं चॉकलेट दप्तरातच वितळलं.

घरी निराळंच लचांड. धाकटी बहीण, म्हणजे घरातलं शेपूट, ताईचं बघून दुधाच्या घोटाआधी नाक ढकलू लागली होती. तिचं बघून बाबाही.

"पोरींचे डोळे बिघडलेत," आईने निदान केलं, "आणि तुमचेही."

सगळी फौज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बाकावर तपासणीला आलेल्या विज्ञानाच्या बाई!

"अगंबाई, हिच्या बाई ना तुम्ही?" आई म्हणाली.

टकळी दाराआड सटकेपर्यंत शेपूट पुढे. "ताई तुमच्यासारखं करते. असं. मग सगळे हसतात."

आईने डोळे मिटले. बाबांचं बोट अर्ध्या वाटेत थांबलं.

बाईंनी तो इवलासा हात नीट न्याहाळला. "चुकलं हं. मी डाव्या हाताने करायचे. उजव्यात खडू असतो ना." त्या हसल्या आणि दोन्ही हात पर्सखाली सरकवले.

"डोळे सगळ्यांचे ठणठणीत," डॉक्टर म्हणाले, "सवय तेवढी संसर्गजन्य आहे."

घरी पोचल्यावर टकळी जिन्यातच थांबली. तिच्या नकळत बोट नाकावर जाऊन आलंच.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या सगळ्या वर्गासमोर बाईंची माफी मागणार. आणि कुणी पैज न लावता विचारणार, बाई, हात परत पुढे घ्याल का?"