चौथ्या बादलीखालचा जीव

भामरागडजवळच्या त्या गावात रईस जंगलभर बादल्या पालथ्या घालत फिरतो, हे आता गावाच्या अंगवळणी पडलं होतं. पहिल्या दिवशी मात्र इतवारीबाईने विचारलंच होतं, "साहेब, उलट्या बादलीत पाणी कसं भरंल जी?"

रईसने समजावलं की मातीत बारीक जीव असतात. ते पालापाचोळा खातात, श्वास सोडतात आणि पाल्यातला कर्ब पुन्हा हवेत जातो. बादलीखाली ठेवलेल्या बाटलीतलं कॉस्टिक सोड्याचं पाणी तो श्वास शोषून घेतं आणि सकाळी तो मोजता येतो. इतवारीबाईने मान डोलावली. बादलीखाली काहीतरी जिवंत असावं लागतं, एवढं तिला पक्कं कळलं.

मातीच्या संशोधनाचा हा प्रकल्प पावसाळ्याआधी संपत होता. मुदतवाढ मिळाली नाही, तर चंद्रपुरात अब्बांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढणं रईसच्या नशिबी होतं. अब्बांनी तर त्याच्यासाठी पंपही पुसून ठेवला होता.

अशात इतवारीबाईच्या घरामागच्या मोहाखालची चौथी बादली एकाएकी तिप्पट श्वास दाखवू लागली. शिवाय तिच्याखालचा पाचोळा रात्रीतून साफ! एकदा तिथे तांबडं पीस सापडलं, पण सूक्ष्मजीव शोधणाऱ्या माणसाला एवढी मोठी वस्तू कुठली दिसायला!

रईसने रेंजसाठी आलापल्ली गाठून नागपूरला फोन लावला.

"सर, चौथ्या बादलीत तिप्पट आलं!"

"मोहाखाली बसून मोजून राह्यला काय रे?" प्रकल्पाचे प्रमुख गुणवंतराव सरांनी विचारलं.

"मोहाखालीच आहे सर, पण शुद्धीत आहे."

"मग जंतू नवा असंल. मी येतो!"

सर येण्याआधी बातमी फुटली, कारण ती सरांनीच फोडली. जंतूचं नाव 'गुणवंती' ठेवायचं, हे त्यांनी समितीच्या अध्यक्षांनाही सांगून टाकलं. मुदतवाढ देणारे अध्यक्ष तेच होते.

पावसाने नदी पुलावर चढायच्या आत सरांची जीप गावात पोचली. पाठोपाठ इतवारीबाई काखेत कोंबडी घेऊन आली.

"मोठे साहेब आले ना जी. ही आता अंडे देत नाई. तुमीच कापा साहेब, म्हंजे तुमाले बी खाता येईल."

तिचा हा जिव्हाळा पाहून रईसला भरून आलं. त्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवली. रस्सा असा झाला की सरांनी दोनदा भात मागितला.

सकाळी सरांनी स्वतः चौथी बादली उचलली. पाचोळा जागच्या जागी होता. मोजणी केली, तर आकडा इतर बादल्यांएवढाच.

"रईस, जंतू कुठी गेला?"

रईसच्या डोळ्यांसमोर पंप उभा राहिला. तेवढ्यात इतवारीबाई चहा घेऊन आली.

"आता ते बादली रिकामीच राह्यते ना जी."

"रिकामी म्हणजे?"

"कोंबडी अंडे सोडून खुडूक बसली होती. ते खोड मोडाले सांजच्याले तिले हिच्याखाली कोंडत होती मी. तुमीच सांगतलं ना, खालचा जीव श्वास सोडते मून? घुसमटू नाई मून काठाखाली खडा ठेवत होती. सकाळी तुमी यायच्या आंधी जागा झाडून बादली जशीच्या तशी ठेवत होती."

"मग ती कोंबडी?" सरांनी हळूच विचारलं.

इतवारीबाईने आधी सरांच्या पोटाकडे पाहिलं, मग रईसच्या हाताकडे.

"म्हणजे गुणवंती मी खाल्ली," सर म्हणाले.

"आणि मी कापली, सर."

मग सरांचं पोट हलू लागलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी बाकीच्या बादल्यांचे आकडे मागवले आणि चष्मा लावून एकेक तपासला.

"हे मात्र चोख आहेत. यांच्यावर मुदतवाढ मागता येते. कोंबडीचं बी खरं खरं सांगीन मी अध्यक्षांना."

"हसतील ना सर."

"हसू दे. पावसाळा सरला की त्यांनाच इथी जेवायला आणतो." सर जीपमध्ये बसले आणि खिडकीतून डोकावले. "काय बाई, तोवर एखादी खुडूक बसंल ना?"

"बसंल ना जी!" इतवारीबाई म्हणाली. "बादली तेवढी इथीच राहू द्या."