भेरलेवाडीचा झुलता पूल

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. पोलादपूर तालुक्यात, कापड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेली एक वाडी. नाव भेरलेवाडी. बावन्न घरं, खाली ओढा, ओढ्यापलीकडे रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला शाळा. ओढ्यावर एक साकव होता, म्हणजे माणसापुरता छोटा पूल. गेल्या आषाढात तो वाहून गेला. तेव्हापासून पाऊस लागला की शाळा चालू राही आणि वाडीतली सेजल घरी बसे. यंदा ती पाचवीत जाणार होती.

वाडीने साकवासाठी अर्ज केला. तालुक्याच्या कार्यालयाचं उत्तर आलं : ‘ज्या गावांचे स्वतःचे संकेतस्थळ कार्यान्वित आहे, अशाच गावांच्या मागण्यांचा विचार करण्यात येईल.’ म्हणजे ओढा ओलांडायचा तर आधी वेबसाइट हवी.

सेजलचे बाबा मुरारी बिरवाडीत खोली घेऊन राहत आणि कारखान्यात पाळीवर जात. त्यांनी जुना लॅपटॉप घेतला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहत शिकायला बसले. वेबसाइटची एक तयार प्रणाली असते, हे त्यांना कळलं. स्वयंपाक झालेलाच असतो, आपण फक्त पानं वाढायची. ‘थीम’ नावाचा तयार साचा निवडायचा, मजकूर भरायचा, बटण दाबायचं. त्यांनी निवडलेल्या थीमच्या माथ्यावर नमुन्याचा एक फोटो होता : कुठल्याशा परदेशातला झुलता पूल, लोखंडी दोर, रांगेने दिवे. तो नंतर बदलू म्हणून मुरारींनी खाली ‘आम्हाला साकव हवा’ असं पान केलं, ओढ्याचा फोटो लावला आणि रविवारी ग्रामस्थ मंडळापुढे ठेवलं.

“ह्याचा मालक कोन?” मंडळाचे अध्यक्ष चांगूअण्णा म्हणाले.

“मालक नाय अण्णा, अ‍ॅडमिन. तो मी हाय. बाकीच्यांना लेखक करता येतं, नायतर नुसतं वाचक.”

“पालखी पयली माझ्या दारात थांबते, आनि मी वाचक?”

मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाचा किशोर फोनवरून सगळं ऐकत होता. “मुरारी, मुंबई मंडळाला साइडला टाकशील तर बघ हा. आमची फुल कमिटी अ‍ॅडमिन पायजे. नायतर पूजेला एक माणूस येनार नाय.”

मुरारींनी समजावून पाहिलं. अ‍ॅडमिनला सगळंच बदलता येतं, म्हणून तो एकच असतो. त्यावर सभेचं म्हणणं पडलं की सगळं बदलता येत असेल तर तो मान सगळ्यांनाच हवा. सर्वानुमते ठराव झाला : घरटी एक आणि मुंबई मंडळाचे सतरा, असे एकोणसत्तर अ‍ॅडमिन. वाचक कुणीच उरला नाही.

पहिल्या आठवड्यात वेबसाइटवर सव्वीस वाढदिवस लागले. साकवाचं पान चौतिसाव्या नंबरवर गेलं. मुरारी पाळीवरून आले की झुलता पूल काढून टाकत, आणि सकाळी तो परत लागलेला असे. शेवटी अण्णांनीच फोन केला.

“पूल तू काढतोस होय रे?”

“अण्णा, तो आपला नाय.”

“ओढा आपलाच हाय, पन दिसतो कसा? राहू दे तो पूल. सोयरिकीला येनारी मानसं आधी वेबसाइट बघतात.”

पुढच्या रविवारी लॅपटॉपला रिबीन बांधून ती कापण्यात आली. नारळ मात्र जरा लांब फोडला, यंत्रात पाणी जायला नको.

आठव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं : ‘संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर सुस्थितीतील पूल आढळून आल्याने साकवाची मागणी निकाली काढण्यात येत आहे. आदर्श संकेतस्थळाबद्दल ग्रामस्थांचे अभिनंदन.’ सोबत प्रशस्तिपत्र होतं. अण्णांनी ते चौकटीत बसवलं.

मुरारी रजा टाकून कार्यालयात गेले. साकवांचं काम बघणाऱ्या अनुपमा मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं.

“मॅडम, तो पूल थीमचा आहे. उद्या काढून टाकतो.”

“आता नका हात लावू. पूल नोंदीत आलाय. नोंदीतला पूल नाहीसा झाला तर चौकशी लागेल, आणि पहिला जबाब तो काढणाऱ्याचा.”

“मग एकदा येऊन बघा तरी.”

“आले असते हो,” मॅडम मनापासून म्हणाल्या, “पण ओढ्याला पाणी लागलं असेल ना आता? येणार कशी?”

जूनअखेर पुलाच्या देखभालीसाठी रंगाचे चार डबे आले. वाडीने सही करून ते घेतले.

पावसाने जोर धरला. सेजलने ठरवलं, यंदा घरी बसायचं नाही. सुट्टीला आलेल्या मुरारींनी या काठच्या झाडापासून त्या काठच्या झाडापर्यंत दोर बांधला. दप्तर डोक्यावर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून, बाबांचा हात धरून ती पलीकडे गेली. कुणा अ‍ॅडमिनने तिचा फोटो काढून वेबसाइटवर लावला : ‘जिद्दीला सलाम!’ चार हजार लोकांनी बदाम पाठवले.

कार्यालयानेही तो पाहिला. नोटीस आली : ‘कु. सेजल मुरारी ही सुस्थितीतील पूल उपलब्ध असताना पाण्यातून ये-जा करते, असे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’

“माफी लिहून टाक मुरारी,” अण्णा म्हणाले. “गावाचं नाव खराब होईल.”

मुरारी पेन धरून बसले.

“सरका बाबा,” सेजल म्हणाली. “नाव माझं हाय वरती.”

तिने वहीचं पान फाडलं आणि लिहिलं : ‘मला पूल दिसला नाही. ज्यांना दिसतो त्यांनी सोमवारी सकाळी नऊ वाजता ओढ्यावर यावं आणि त्या पुलावरून पुढे चालावं. मी मागून येईन.’

सरकारी पत्राच्या खाली ‘प्रत माहितीसाठी’ असं असतं, हे तिने नोटिशीत पाहिलं होतं. तेही लिहिलं. पहिल्या ओळीत अनुपमा मॅडम. दुसऱ्या ओळीत एकोणसत्तर अ‍ॅडमिन. तिसरीत बदाम पाठवणारे चार हजार. मग थोडा वेळ पेनचं टोपण चावून तिने चौथी ओळ लिहिली : ‘ही गोष्ट ऐकून नुसतं हसणारे सगळे.’

आणि सोमवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना ती दप्तर घेऊन ओढ्याच्या काठावर जाऊन उभी राहिली.