शोध लवकर लागल्याबाबत खुलासा

माणसाला उत्तर नको असते. आपल्यासाठी कोणीतरी शोधतो आहे, एवढे त्याला दिसले की पुरते. या सत्यावर कचेऱ्या, दवाखाने आणि लग्ने जुळवणारी मंडळी आजवर सुखाने चालत आली. संगणकाला मात्र ते कोणी सांगितले नव्हते. हे काम शेवटी जळगावने केले. (धुळ्याच्या मते धुळ्याने.)

खानदेश स्वावलंबी संगणक मंडळाचे नाव आपण ऐकले नसेल, तर त्यात मंडळाचा दोष नाही. परक्या संगणकप्रणालीवर किती दिवस विसंबायचे, या विचाराने मंडळाने स्वतःची प्रणाली बनवली. ती सध्या दोन्ही जिल्ह्यांतल्या खत-बियाण्यांच्या सोसायट्यांमध्ये चालते, आणि चालत नाही तेव्हाही तिथेच असते. अशा प्रणालीच्या पोटात सगळ्यात आत जो कारभार चालतो, त्याला जगात कर्नल म्हणतात. मंडळाने त्याला गाभा म्हटले. केळीच्या मुलखात गाभा समजावून सांगावा लागत नाही. या गाभ्याची एक समिती आहे आणि मी तिचा सल्लागार आहे. मला बैठकीला बोलावतात, भरीत वाढतात आणि सल्ला विचारत नाहीत. इतकी समंजस समिती मी दुसरी पाहिलेली नाही.

तर या गाभ्यात, संगणकाच्या स्मृतीतून एखादी गोष्ट शोधून काढणारे एक फंक्शन, म्हणजे एकाच कामाला नेमलेली आज्ञावली, होते. समितीचे अध्यक्ष प्रेमराज नाना यांनी मंडळ स्थापन झाले तेव्हा ते स्वतः लिहिले होते. स्मृती म्हणजे ओळीने उभी असलेली घरे समजा. नानांचे फंक्शन पहिल्या घरापासून निघे, दार वाजवी, "तूच का तो?" असे विचारी आणि नाही म्हटले की पुढच्या दाराशी जाई. शेवटच्या घरापर्यंत पोचता पोचता संगणक तापे, त्याचा पंखा घुरघुरे, आणि तोवर सोसायटीतला माणूस चहा सांगून मोकळा होई. पद्धत जुनी, पण घरंदाज.

मग मंडळात सुलक्षणा आली. अमळनेरची मुलगी, वर्षभराच्या करारावर. करारात अट अशी होती की वर्षात तिचे एक तरी फंक्शन गाभ्यात गेले तर नोकरी कायम. नाही तर नमस्कार. नमस्कार म्हणजे पुणे. पुण्यात तिच्या मैत्रिणी होत्या, आणि त्या फोन करकरून सांगत की येऊ नकोस.

तिने नानांचे फंक्शन वाचले आणि भर बैठकीत म्हणाली, "केळीत डाग शोधताना कोणी एकेक केळं हातात घेतं का? अख्खी फणी उचलून बघतात. डाग दिसला, तरच तो कोणत्या केळ्यावर आहे ते बघायचं."

तिचे फंक्शन आठ घरांकडे एकदम बघत असे. आठांत नसेल तर पुढची आठ. काम जवळपास आठपट लवकर उरके.

नानांनी ते शांतपणे ऐकून घेतले. "चांगलं आहे," ते म्हणाले, "समितीपुढे येऊ द्या." ज्यांचे आयुष्य समित्यांमध्ये गेले आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

समितीचे अभिप्राय यायला लागले. एवढा मोठा बदल एकदम पचणार नाही, तुकडे करून आणावेत. (तिने सात तुकडे केले. पहिल्या तुकड्यात नुसती एक रिकामी ओळ होती. ती एकमताने मंजूर झाली आणि सुलक्षणाचे अभिनंदन करण्यात आले.) फंक्शनमधली नावे फार आखूड आहेत. (लांब करून आणल्यावर : फार लांब आहेत.) लवकर शोधावे असा कोणाचा अर्ज आहे काय? आठ घरांना मिळून एकच हाक मारल्याने ज्याच्या त्याच्या घराचा मान राहत नाही. (हा अभिप्राय सावद्याच्या सदस्यांचा. ते आजही लग्नाची पत्रिका घरोघर जाऊन देतात, आणि मोबाइलवर आलेल्या पत्रिकेच्या लग्नाला जात नाहीत.) आणि शेवटी, जळगावात घेतलेली चाचणी धुळ्याला लागू होत नाही.

हा मुद्दा बिनतोड होता. म्हणून नवे फंक्शन धुळ्याकडच्या एका सोसायटीत महिनाभर चालवून बघायचे ठरले. तक्रार आली नाही तर गाभ्यात, आली तर पुण्यात.

पहिल्याच बाजाराच्या दिवशी भटू आबा आले.

आबांविषयी थोडे सांगायला हवे. त्यांचे नाव सोसायटीच्या सभासदांत नाही. सभासद आहेत त्यांचे धाकटे बंधू निंबा, आणि ते आबांचे नाव घालू देत नाहीत. हे आबांना माहीत आहे, काउंटरवरच्या ममताला माहीत आहे, आणि निंबाला तर आहेच. तरीही दर बाजाराला आबा येतात, बाकावर टेकतात आणि म्हणतात, "पोरी, मन्हं नाव देख बरं." संगणक घुरघुरतो, चहा येतो, कपाशीचे बोलणे निघते, आणि सावकाशीने ममता सांगते, "नाही, आबा." आबा मान हलवतात आणि समाधानाने घरी जातात. भावाभावांतली गोष्ट इतक्या शांततेने सांभाळणारी दुसरी यंत्रणा निदान माझ्या पाहण्यात नाही.

त्या दिवशी ममताने बटण दाबले आणि बोट उचलायच्या आत म्हणाली, "नाही, आबा."

आबा बाकावर अजून पुरते टेकलेही नव्हते.

"पाह्यंच नही तू," आबा म्हणाले.

"पाहिलं, आबा. नवीन आलंय. लवकर बघतं."

"मन्हं नाव सारा गावले माहीत शे. त्यान्हा तपास इतला लवकर व्हई जास?"

महिनाअखेर तक्रारींचे वर्गीकरण झाले. निम्म्या तक्रारी 'शोधलेच नाही' अशा होत्या. उरलेल्या 'सापडले, पण मनापासून शोधले नाही' अशा. एका शेतकऱ्याला खत ताबडतोब मिळाले, त्यामुळे उरलेल्या दिवसाचे काय करावे ते त्याला कळेना. तो दोनदा परत येऊन बसून गेला. मंडळाने सुलक्षणाला नोटीस काढली. विषय : शोध लवकर लागल्याबाबत खुलासा.

सुनावणीला आबा स्वतः एसटीने जळगावला आले.

"नाना, उत्तर एकदा तरी चुकलं का?" सुलक्षणाने विचारले.

"उत्तराबद्दल कोणाचंच म्हणणं नाही," नाना म्हणाले. "वागणुकीबद्दल आहे."

"फंक्शनच्या वागणुकीबद्दल?"

"मग काय तुमच्या? आबा, तुम्ही बोला."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मांगे त्या डबामा पंखा घुरघुर करे. वाटे, मन्हासाठे कोनीतरी राबी ऱ्हायनं. आते काहीच वाजत नही. मन्हा भाऊबी नहीच म्हनस. पन तो इचार करीसन म्हनस."

भाऊसुद्धा नाही म्हणण्याआधी विचार करतो, हा मुद्दाही बिनतोड होता. माझ्या पुढ्यातले भरीतही गार झाले.

सुलक्षणाने नोटिशीकडे पाहिले. पुणे तिच्या डोळ्यांपुढून गेले असावे. मग ती म्हणाली, "उत्तर सापडलं तरी लगेच सांगायचं नाही. पंखा फिरवायचा, थांबायचं, आणि मग सांगायचं. असं लिहून देऊ का?"

"थांबून आत करणार काय?" कोणीतरी विचारले.

"काही नाही."

नानांचा चेहरा उजळला. "सुलक्षणाताई," ते म्हणाले (तोवर ते तिला नुसते 'अहो' म्हणत), "तुम्हाला गाभा कळला." या थांबण्याला 'आदरकाल' हे नावही त्यांनीच दिले.

काहीही न करणारे ते फंक्शन एकाच बैठकीत मंजूर झाले. ना तुकडे, ना नावांची चर्चा. त्याला धरून शोधाचे फंक्शनही गाभ्यात गेले आणि सुलक्षणा कायम झाली. आता संगणक आठपट लवकर शोधतो आणि नानांच्या काळी लागे तेवढाच वेळ घेऊन, वर थोडा आणखी, सांगतो. धुळ्याचा आदरकाल जळगावपेक्षा जास्त असावा अशी मागणी आली, ती मान्य झाली. मग जळगावचीही आली. पदाधिकाऱ्यांचा मान मोठा, म्हणून त्यांचा आदरकालही मोठा. एका मान्यवरांना दुपारपर्यंत बसावे लागले. ते इतके संतुष्ट झाले की सत्काराची शाल जाताना संगणकालाच पांघरवून गेले. शोध आणखी वेगवान करण्याचे काम सध्या सुलक्षणाकडेच आहे, म्हणजे आदराला जास्त वेळ मिळेल.

आबा पुढच्या बाजाराला आले. पंखा घुरघुरला, चहा झाला, कपाशी झाली. "नाही, आबा," ममता म्हणाली.

"आते नीट पाह्यं," आबा म्हणाले आणि समाधानाने घरी गेले.

आबांना हसू नये. मला जे सांगायचे होते ते पहिल्या दोनच वाक्यांत सांगून झाले होते. तिथेच थांबलो असतो, तर या म्हाताऱ्या सल्लागाराने काही लिहिलेच नाही असे आपणच म्हणाला असता. त्यानंतर इथवर जे चालले, तो पंखा होता.