मरळीसाठी मांडव

देवसिंग सकाळी गळ घेऊन तळ्यावर निघाला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. तो इतका खूश होता की दारातूनच बायकोला ओरडून म्हणाला, "लाले, मसाला वाटून ठेव!"

"पहिले मासा तर आणा," लालीबाई आतून म्हणाली.

आणायलाच हवा होता. लेकीच्या, राखीच्या लग्नात व्याही शंकरसिंग चारचौघांत म्हणाला होता, "तुमच्या तांड्याच्या तळ्यात बेडकाबिगर काय भेटते?" देवसिंगनं सगळ्या वऱ्हाडासमोर छाती ठोकली होती. याच तळ्यातली, माझ्याच गळाला लागलेली मरळ तुमच्या ताटात पडली नाही, तर नावाचा देवसिंग नाही! आज दुपारी तोच व्याही नेरहून जेवायला येत होता. आता बाजारातून मासा आणणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापणं.

मरळीचं कसं असतं, आभाळ असलं की ती काठाच्या उथळ पाण्यात बिनधास्त हिंडते. ऊन पडलं की बाईसाहेब गायब, कुठंतरी सावली धरून बसतात. देवसिंगनं गळ टाकायला आणि ढग पांगायला एकच गाठ पडली. ऊन असं लख्ख पडलं की पाण्यातले खडे दिसायला लागले. त्यात देवसिंगचीच लांबलचक सावली पाण्यावर हलली आणि काठाशी आलेली हातभर मरळ वळून पळाली.

"असं काय?" देवसिंग वर बघून म्हणाला. "तू सावली नाई देत ना? मी करतो सावली!"

हे सूर्याला बरं का. इरेला पेटलेल्या माणसाला कोण समजावणार? तो तरातरा घरी आला नि ताडपत्री ओढू लागला.

"हात लावून पाहा!" लालीबाई कडाडली. "सोयाबीन भिजलं मंग? आभाळाचा काय भरोसा?"

"मंग मी काय पांघरू तळ्याले?"

"तांड्याचा मांडव न्या. पडूनच हाय."

देवसिंगनं खरंच मांडवाचं लाल-पिवळं कापड नेलं, झालरीसकट. पाण्यात चार बांबू रोवले, वर मांडव ताणला आणि स्वतःची सावली पडू नये म्हणून खाली पाण्यातच बैठक मारली. पाणी छातीपर्यंत आलं. गळाची दोरी हातात धरून तो गप्प बसला.

शेळ्या घेऊन धनीबाई तिकडून चालली होती. "देवसिंगभाऊ, हे काय करून राह्यले?"

देवसिंगनं ओठांवर बोट ठेवलं.

आता तुम्हीच सांगा. पाण्यात मांडव, मांडवात माणूस आणि माणूस काही बोलत नाही. आपल्याकडं याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. आंदोलन! तांड्याला वीज देणारी डीपी पोळ्यापासून जळालेली, घरात अंधार, मोटारी बंद. धनीबाई शेळ्या तिथंच सोडून पळाली.

बघता बघता तांड्याचा नायक रामधन पुढं नि त्याच्या मागं सगळा तांडा काठावर आला. घोषणा सुरू झाल्या.

"चूप बसा बे!" देवसिंग दातओठ खात म्हणाला. "मी मरळ धरून राह्यलो!"

"धरा ना, नाई कोण म्हणते?" रामधन म्हणाला. "पण उठू नका. पाण्यात माणूस बसला म्हटल्यावर विजेचा साहेब निघाला तिकडून."

"अबे, माहा व्याही येऊन राह्यला जेवाले!"

"त्यालेबी इकडंच आणतो."

देवसिंग आणखी चार शिव्या देणार, तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं. काठावर माणसांच्या सावल्या हलत होत्या, त्यामुळं मासे तिथून सटकत होते. थंडगार, न हलणारी सावली उरली होती फक्त मांडवाखाली. मग शिव्या गिळून तो दोरीवर नजर लावून बसला.

वीज कार्यालयातले साहेब आले नि बूट सांभाळत काठाशी वाकले. "बाहेर या हो. पुढच्या आठवड्यात डीपी बसवतो."

नेमकी तेव्हाच दोरी ताणली गेली. मरळ!

"नाई उठत!" देवसिंग ओरडला.

"बरं, परवा?"

"मांगं सरका तुमी! सावली पडून राह्यली!"

साहेब दचकून मागं सरले. एवढा कडक आंदोलक त्यांनी पाहिला नव्हता. "उद्या चालंल का?"

मरळीनं जोराचा हिसका दिला. देवसिंगचे डोळे लाल झाले. "मरीन पण सोडाचा नाई!"

"आज! आजच!" साहेबांनी घाम पुसत फोन लावला. "अरे, डीपीची गाडी काढा. ताबडतोब!"

काठावर एकच जल्लोष झाला. पोरं धडाधड पाण्यात उतरली आणि त्यांनी देवसिंगला खांद्यावर घेतलं. दोरी हातातून निसटली.

"मले खाली ठेवा बे! गेली! माही मरळ गेली!"

लोकांनी त्याला आणखी वर उचललं.

दुपारी ताटात पिठलं-भाकर होती. काठावर उभं राहून सगळं पाहिलेला शंकरसिंग समोर जेवत होता. देवसिंगनं मान खाली घातली नाही. "मरळ होती. हातभर होती. आता हसाचं तर हसा, तळं माहं हाय नि मी पुन्हा बसणार हाय!"

शंकरसिंग हसला नाही. घास गिळून तो हळूच जवळ सरकला. "व्याहीबुवा, आमची डीपी उन्हाळ्यापासून जळाली हाय. कोणी विचारत नाई. तळं हाय गावालगत, उथळच हाय. मांडव आमीच घालून देऊ. कधी येता?"

लालीबाई वाढायची थांबली. देवसिंगनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मरळ हाय त्यात?"

"हाय ना."

"मंग येतो. पण आताच सांगून ठेवतो, डीपी आली तरी मले कोणी उचलाचं नाई."