नोट्स भंगारात काढण्याबाबत

विद्यापीठाने खुल्या शैक्षणिक साहित्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा वंदना मॅडमना मनापासून आनंद झाला. लेकीला मांडीवर थोपटत, एका हाताने टाइप करत, त्यांनी धातुशास्त्राच्या सोप्या नोट्स लिहून काढल्या होत्या. परीक्षा वीस दिवसांवर आलेली, आणि रुआबांधा वस्तीतल्या पायलसारख्या विद्यार्थिनींकडे पुस्तकच नव्हते.

अडचण एवढीच, की धोरणाचे नियम लिहिले हिरालाल बाबूंनी. पोलाद प्लांटच्या स्टोअरमध्ये अठ्ठावीस वर्षे काढून ते विद्यापीठात आले होते. गेटबाहेर जाणाऱ्या मालाचे जगात दोनच प्रकार असतात, अशी त्यांची श्रद्धा होती : परत येणारा आणि परत न येणारा.

"पोरं नोट्स वापस करतीन का, मॅडम?"

"वाचलेलं कसं वापस करतील, हिरालालभाऊ?"

"मंग परत न येणारा झाला. असा माल फुकट बाहेर जाते तो फक्त भंगार. रूल हाय."

भंगार ठरवायला तिघांची समिती बसली. समितीने नोट्स वाचल्या, आपापल्या पोरांसाठी एकेक प्रत काढून घेतली आणि एकमताने शेरा मारला : 'साहित्य अत्यंत उपयुक्त. सबब, देता येत नाही.'

मॅडम रडकुंडीला आल्या. हिरालाल बाबू तसे कनवाळू. म्हणाले, "तुमीच लिहून द्या ना, माल निकामी हाय म्हून. बनवणाराच म्हणते तर कमिटी कावून नाही म्हणन?"

पोटच्या पोरीला नावे ठेवावीत तसे मॅडमनी लिहून दिले : 'सदर नोट्स अध्यापनास अयोग्य आहेत.' परीक्षेला नऊ दिवस उरले असताना नोट्स संकेतस्थळावर झळकल्या. पानोपानी आडवा शिक्का : 'भंगार. विनामूल्य.'

चार दिवसांत एकच डाउनलोड झाला. तो मॅडमनीच, उघडते का पाहायला, केला होता.

पाचव्या दिवशी पायल दारात उभी. "मॅडम, तुमी ट्यूशन घेता का?"

"अगं, नोट्स टाकल्यात ना!"

"पाह्यल्या ना. मम्मी म्हणते, चांगल्या असत्या तं फुकट कावून देल्ल्या असत्या?" मग आवाज खाली आणून, "तुमी फीस घ्या ना, मॅडम. भरोसा वाटते."

पायलच्या मम्मीला हसू नका. सरकारी दवाखान्यात फुकट मिळालेली गोळी तुम्ही शेवटची कधी गिळली होती, तेवढे आठवून पाहा.