दहाच प्रती

“दुकानातून छापून आणल्या असत्या, तर एव्हाना चहासुद्धा झाला असता,” टेबलाखाली शिरलेल्या नवऱ्याच्या पाठीला उद्देशून ती पुटपुटली.

“ऐकू येतंय मला,” पाठ म्हणाली.

ती कामाला होती तो कारखाना बंद पडल्यावर महिनाभर घरी बसून तिने सोमवारपासून शिवणवर्ग काढायचं ठरवलं होतं. त्यासाठी जाहिरातीच्या दहा प्रती हव्या होत्या. पण नवऱ्याने नुकतंच जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून हौसेने लिनक्स चढवलं होतं. आता दुकानात जाणं म्हणजे त्याचा धडधडीत पराभव.

पहिल्याच खेपेला प्रिंटरमध्ये कागद नव्हता. त्याने कागद भरला, पुन्हा दहा प्रतींचा हुकूम सोडला. प्रिंटर ढिम्म. वायर काढून दुसरीकडे खोचली, पुन्हा दहा. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा दहा.

“दहा म्हणजे त्याला किरकोळ काम वाटत असेल,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तो काय हलवाई आहे?” असं म्हणत त्याने गुपचूप पन्नासचा आकडा टाकला.

मग त्याने जगभरच्या जाणकारांचे सल्ले वाचले, अगम्य आज्ञा टाइप केल्या आणि प्रत्येक आज्ञेनंतर पुन्हा छापून पाहिलं.

“इथे ‘पॉझ्ड’ लिहिलंय,” ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

“ते असतंच गं.”

“कागद संपला तेव्हा रुसून थांबला असेल.” तिने शेजारचं बटण दाबलं.

प्रिंटर खाकरला. दहा प्रती आल्या. नवरा टाळ्या वाजवू लागला. मग आणखी दहा आल्या. मग आणखी. त्याने सोडलेला एकूण एक हुकूम लिनक्सने इमानाने जपून ठेवला होता.

“अहो, बंद करा!”

“वेडी आहेस का? आत्ता कुठे चाललाय!”

भरलेला कागद संपला तेव्हा पलंग, खुर्ची, शिलाई मशीन, सगळीकडे जाहिरातीच जाहिराती. सासूबाईंनी शांतपणे दोन पिशव्या काढल्या.

“चला, वाटून येऊ.”

“इतक्या? दहाच पुरे होत्या.”

“दहाच का गं?”

“उगाच वाया कशाला...” ती थांबली. हातातल्या गठ्ठ्याच्या कडा पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिली. “एवढं वाटलं आणि कोणीच आलं नाही तर?”

नवऱ्याने मान खाली घातली.

“सुटलं बाई एकदाचं तोंडातून!” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही दोघं कधीपासून तेच गिळून बसलोय. आता घाल चपला.”