पहिल्या पायरीचे दिगंबर

कुमुदिनीबाईंच्या टॅबमधल्या खेळातला पहिल्या पायरीचा बुद्धिबळपटू दुपारची जेवणं आटोपली की बाहेर यायचा आणि ओटीवरच्या वेताच्या खुर्चीत बसायचा. त्याचं नाव दिगंबर. पन्नाशीचा, सौम्य, बिनइस्त्रीच्या शर्टातला. खाडीकाठच्या त्या आळीत याचं कुणाला नवल नव्हतं. शेजारच्या तेंडोलकरांकडे सहाव्या पायरीचे गृहस्थ येत आणि चपला उंबऱ्याबाहेर नीट जुळवून ठेवत.

बाई साठीनंतर बुद्धिबळ शिकायला लागल्या त्या थोरल्या भावासाठी. अर्धांगाच्या झटक्याने अण्णांची वाचा गेली होती. डावा हात तेवढा चालायचा, आणि त्या हाताने ते फक्त सोंगट्या हलवायचे. बाई समोर बसत, पाच-सहा खेळ्यांत मात खात. मग अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्यांना जिंकण्यात काही मिळत नव्हतं, हे बाईंना कळत होतं.

दिगंबरांचं काम चुका करणं. ते घोडा उघड्यावर ठेवत आणि खाडीवरच्या उन्हाकडे बघत बसत. ऊन पाण्यावरून ओटीच्या छतावर चढे, हळूहळू हलत राही, आणि पट पाण्याखाली ठेवल्यासारखा दिसे.

"तुमचा घोडा फुकट जातोय," बाई म्हणत.

"तुम्हाला दिसला ना? मग कामी आला."

असं करत करत बाईंना दिसू लागलं. आधी घोडे, मग उंटाची तिरकी वाट, मग आपला राजा कुठे अडकणार तेही. नियमाप्रमाणे लागोपाठ तीन डाव जिंकले की वरच्या पायरीचं माणूस येणार होतं. दोन जिंकून झाले. तिसऱ्यात मात एका खेळीवर आली, तेव्हा बाईंनी वजीर उचलला आणि भलत्याच घरात ठेवला.

दिगंबरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हे मुद्दाम केलंत."

"नाही हो. नजरचूक झाली."

"बाई, मुद्दाम हरणं हा माझा पेशा आहे. मला ते ओळखू येतं."

बाईंनी भलत्या घरातला वजीर बोटाने सरळ केला. मग म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर इथे बोलणारं कोण आहे?"

"आत अण्णा आहेत की."

"ते बोलत नाहीत."

"तुम्ही अजून त्यांना विचारात पडावं लागेल असं काही विचारलेलं नाही," दिगंबर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. "वजीर परत घ्या. मी पाहिलं नाही असं समजतो."

बाईंनी वजीर परत घेतला, योग्य घरात ठेवला आणि मात केली. दिगंबरांनी आपला राजा आडवा केला, उरलेला चहा संपवला आणि टॅबमध्ये निघून गेले.

दुसऱ्या दिवशी यशोदा नाडकर्णी आल्या, दुसऱ्या पायरीच्या. छत्री घेऊन आल्या, चहा नको म्हणाल्या आणि बाईंचा वजीर मारला. त्यांच्याकडून बाई पावसाळाभर हरल्या. दिवाळी उलटल्यावर कुठे तिसऱ्या पायरीचे वकील आले, आणि आंबे मोहरले तेव्हा चौथ्या पायरीवरचा अबोल तरुण.

त्याच दिवसांत एकदा बाई पट घेऊन अण्णांच्या खाटेपाशी बसल्या. पाच-सहा खेळ्या झाल्या, दहा झाल्या. अण्णांचा हात पटावर थांबून राहिला. बाहेर भरती येऊन ओसरायला लागली, ताटातला भात निवला, आणि ते विचारच करत होते. मग त्यांनी घोडा पुढे घेतला. अगदी उघड्यावर.

बाईंनी तो मारायला वजीर उचलला आणि हात तसाच ठेवला. वजीर तिथून हलला तर बाईंचाच राजा उघडा पडत होता.

"अण्णा, हा मुद्दाम ठेवलात."

अण्णांच्या ओठांची हलणारी बाजू हलली. ते हसत होते.

बाईंनी घोडा मारला नाही. डाव दिवेलागणीपर्यंत चालला आणि शेवटी बाई हरल्या. ओटीवर चौथ्या पायरीचा तरुण केव्हाचा येऊन बसला होता. बाईंनी त्याला चहा नेऊन दिला आणि आज जमणार नाही म्हणून सांगितलं.

"चालेल," तो म्हणाला, आणि बशी हातात घेऊन खाडीकडे बघत राहिला.

बाई आत आल्या तेव्हा अण्णा भिंतीकडे वळले नव्हते. डाव्या हाताने एकेक सोंगटी उचलून ते पट पुन्हा मांडत होते, आणि बाईंच्या बाजूची पांढरी प्यादी आधी लावत होते.